घराला पाणी पाजणारे सर

"अंघोळ रोज करता ना?"

पाथरीत भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, आणि तोवर पाहिलेल्या प्रत्येक घरमालकानं आडून आडून विचारलेली जात तर नाहीच. मी नुकतीच तिथल्या शाळेत मराठी शिकवायला लागले होते. सोबत वडील होते. त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसायला घेतला. गोंधळले की ते असंच करायचे. मी म्हणाले, "करते की."

"किती बादल्या?"

आता वडील उठलेच. तेवढ्यात आतून हात पुसत सरांच्या पत्नी, काकू आल्या. "अवो, आधी खोली तर दाखवा लेकराला. अन् बाई, तुमी मनावर घेऊ नका. ते घरासाठी विचारायलेत."

घरासाठी म्हणजे काय, हे खोली घेतल्यावर कळलं. सरांच्या घराच्या पायाला लागून जवळजवळ सगळीकडून हातभर रुंदीचा चर खणलेला होता आणि त्यात वाळू भरलेली होती. न्हाण्या दोन, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. दोन्हींचं पाणी त्या चरात सोडलेलं. उन्हाळा लागला की सर भिंतींवरून हात फिरवत घराला एक फेरी मारायचे आणि जाहीर करायचे, "बाई, ह्या हप्त्यात पूर्वेकडं." मग आठवडाभर मी पूर्वेकडच्या न्हाणीत. भाडं चार दिवस मागंपुढं झालं तर ते हू की चू करत नसत. पण सुट्टीला गावी जाऊन आले की तोंड पाडून म्हणायचे, "लय दिवस लावले तुमी. पूर्वेची बाजू सुकायली होती." एखाद्या बाईच्या अंघोळीची घराला इतकी गरज असू शकते हे मला ठाऊक नव्हतं. पुढंपुढं मला त्याचा थोडा तोराही आला होता.

पाथरीच्या काळ्या जमिनीवरच्या घरांची दारं आषाढात बसत नाहीत आणि चैत्रात त्यांच्या फटीतून मांजर जातं. लोक पावसाळ्यात सुताराला बोलावून दारावर रंधा मारून घेतात, आणि उन्हाळ्यात फट दिसली की त्याच सुताराला नावं ठेवतात. सुतारही वाईट वाटून घेत नाही, कारण पुढच्या पावसाळ्यात त्यालाच बोलावणं येणार असतं. मी जिंतूरकडची. आमचं घर मुरमावर आहे. आमची दारं माझ्या आजोबांच्या काळापासून जशी बसतात तशीच बसतात, त्यामुळे सरांच्या घरातल्या दाराशी पहिल्या पावसाळ्यात मी खांद्यानं झुंजले तेव्हा मला वाटलं, दार बिघडलंय.

"दाराला काय झालं न्हाई," सर खुर्चीतूनच म्हणाले. "घर उचललंय."

सर कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. काळी माती पाण्यानं कशामुळं फुगते, या एका प्रश्नाचं उत्तर ते जन्मभर देत आले होते. प्रश्न कुणी विचारलेला असो वा नसो. दूधवाला आला, विम्याचा माणूस आला, वर्गणीवाली पोरं आली, की सर कपाटातून काचेच्या दोन उंच नळ्या काढायचे. दोन्हींत चाळलेली काळी माती सारखीच घालायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. मग झाकण लावून म्हणायचे, "उद्या या." बिचारा विम्याचा माणूस पॉलिसीच्या आशेनं उद्याही यायचा. रॉकेलातली माती तळाशी जेवढ्यास तेवढी बसलेली असायची. पाण्यातली फुगून दुपटीच्या वर गेलेली. सर नळ्या त्याच्या डोळ्यांपुढं धरायचे आणि विचारायचे, "काहून?"

रेशनवरचं रॉकेल बंद झालं तेव्हा गल्लीत कुणालाच फारसं वाईट वाटलं नाही, सगळ्यांकडं गॅस होता. सर मात्र सुतकात असल्यासारखे बसले होते. काकूंनी देवघराच्या फळीवर एक बाटली राखून ठेवलेली होती. ती त्यांनी सणावारी तूप काढावं तशी काढून दिली.

"काहून?" चं उत्तर मला तोंडपाठ आहे. मातीचा कण म्हणजे एकावर एक रचलेली पानं, डोळ्याला दिसणार नाहीत इतकी बारीक. प्रत्येक पानावर थोडा ऋण भार. तो भागवायला दोन पानांच्या मधल्या सापटीत सोडियमचे नाहीतर कॅल्शियमचे धन भाराचे कण येऊन बसलेले. कोरडं आहे तोवर सगळे गप. "पानी आलं की काय होतं, बाई? पान्याच्या कनाला एक टोक ऋण अन् एक टोक धन. ते जाऊन त्या सोडियमला समद्या बाजूंनी घेरतंय. एक थर बसला की पानं सरकली. दुसरा थर बसला की अजून सरकली. अशी किती पानं असतेत एका ढेकळात? मंग घर उचललं तर नवल काय?" रॉकेलच्या कणाला अशी टोकं नसतात, म्हणून ते मध्ये शिरतच नाही. मधे कॅल्शियम असलं तर माती थोडी फुगून थांबते, सोडियम असलं की थांबायचं नाव घेत नाही. आणि काही मातींची पानं एकमेकांना इतकी घट्ट धरून असतात की पाण्याला वाटच मिळत नाही. आमच्या घराखाली तसलं काही फुगणारं नाही हे कळल्यापासून सरांच्या नजरेत माझा भाव थोडा उतरला होता. तिकडे अभ्यास करण्यासारखं काही नाही असं त्यांचं मत.

मला मराठी शिकवायची सवय, त्यामुळे उपमा दिल्याशिवाय मला काही समजल्यासारखं वाटत नाही. आणि सरांना उपमेचा राग. "म्हणजे स्पंजासारखं ना, सर?" असं मी पहिल्याच दिवशी म्हणून बसले.

"न्हाई! स्पंजात भोकं असतेत. पानी भोकात बसतं. हितं भोकं न्हाईत."

"मग पोळीला पदर सुटतात तसं?"

सरांनी बराच वेळ विचार केला. म्हणाले, "पोळीत वाफ असती." दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले तर फाटकापाशी थांबवून म्हणाले, "पदर जवळचं हाय. पन न्हाई." माझ्यावर उपकार केल्यासारखं ते बोलले, आणि मला दिवसभर बरं वाटत राहिलं.

तहान हा शब्द तर त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. माती तहानलेली नसते, ती पाणी पीत नाही, तिला काही हवं असत नाही. "दोष मातीचा न्हाई, पान्याचा बी न्हाई. दोघं एका जागी आले की हे व्हनारच." आणि घराबाबत त्यांचं एकच सांगणं होतं. काळ्या जमिनीवरचं घर भिजल्यानं बिघडत नाही, सुकल्यानंही बिघडत नाही, एकदा भिजून एकदा सुकल्यानं बिघडतं. म्हणून पायाखालची ओल बारा महिने सारखी ठेवायची. त्यासाठी ते सारं न्हाणीपुराण. पण नळ आठवड्यानं येणाऱ्या गावात भर उन्हाळ्यात झारी घेऊन भिंतीच्या कडेनं फिरणारा माणूस लोकांना कसा दिसणार? गल्लीनं त्यांचं नाव 'घराला पाणी पाजणारे सर' असं ठेवलं होतं. टँकरपाशी एकदा एका बाईनं त्यांना तोंडावर सुनावलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मावशी, हे अंघोळीचं पानी हाय. अन् पाजायलो न्हाई."

मला बघायला पाहुणे आले तेही याच घरी, कारण मुलाचं गाव मानवतकडं आणि आमचं गाव आडबाजूला. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे मामा मला स्वयंपाकाचं विचारणार एवढ्यात सरांनी मुलाला विचारलं, "तुमच्याकडं पावसाळ्यात दारं बसतेत का?" मुलगा गांगरला. म्हणाला, "बसतात. आमचं घर खडकावर आहे." सर माझ्या वडिलांकडं वळले, "द्या हो पोरगी." वडिलांनी चष्मा पुसायला घेतला. त्याच मुलाशी माझं लग्न झालं, आणि खडकावरच्या त्या घरात सासू सोडून बाकी काही कधी अडलं नाही.

पण मला सांगायचंय ते दादांचं, माझ्या लग्नाआधीचं.

दादा म्हणजे सरांचे थोरले भाऊ. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगा पुण्याला. घर एकच, मधल्या भिंतीनं दोन भाग केलेलं. डावीकडं सर आणि काकू, मागच्या खोलीत मी. उजवीकडं दादा. वडील लवकर वारले तेव्हा दादांनी शाळा सोडली आणि भावाला सोडू दिली नाही. सर परभणीला शिकायला होते त्या काळात दादा त्याच रस्त्याला गाडी चालवायचे. डबा घेऊन वसतिगृहापुढं गाडी क्षणभर थांबवायचे आणि कंडक्टरच्या शिव्या खायचे. हे मला काकूंनी सांगितलं. सर स्वतः असलं काही सांगायचे नाहीत.

रोज संध्याकाळी दोघं पुढच्या ओट्यावर बसायचे. काकू चहा आणून द्यायच्या. दादा देवगाव फाट्यावर गाडी कशी पंक्चर झाली आणि आख्ख्या वऱ्हाडाला त्यांनी लग्नाला वेळेवर कसं पोचवलं, ते सांगायचे. हे मी इतक्यांदा ऐकलं की त्या वऱ्हाडातल्या नवरदेवाला मी रस्त्यात ओळखलं असतं. सर दर वेळी विचारायचे, "मंग?" आणि दादा सांगायचे. मातीचा विषय निघाला की मात्र दोघांचं वाजायचं. दादा म्हणायचे, "ही जमीन लय पानी पेती, बग." सर म्हणायचे, "पेत न्हाई, दादा." "बरं, न्हाई पेत. घासलेट पेती." मग दोघंही हसायचे.

ओट्याच्या पुढं, सरांच्या बाजूला, लिंबाचं मोठं झाड होतं. लिंब म्हणजे आमच्याकडं कडुनिंब. घराच्या आधीपासूनचं झाड. दोन्ही भावांवर त्याची सावली पडायची.

त्या वर्षी पाऊस फार थोडा झाला. उन्हाळ्यात दादांच्या पुढच्या खोलीत, मधल्या भिंतीला लागून, एक भेग पडली. आधी केसाएवढी, मग बोट जाईल एवढी. सरांच्या बाजूला काहीच झालं नाही, कारण सरांच्या पायाला चराचं पाणी मिळत होतं. दादांनी आपल्या बाजूला चर खणू दिलेला नव्हता. "पाया भरताना आई-बापाच्या नावानं नारळ फोडलाय तिथं. त्याच्यावर अंगधुणीचं पानी सोडू का?" असं त्यांनी पूर्वीच सांगून टाकलेलं होतं आणि सरांनी तो विषय परत काढला नव्हता.

आता दादांना एकच दिसत होतं. भावाचं घर धड आणि आपलं फाटलेलं, आणि मध्ये भावाचं झाड.

"तुझं झाड माझ्या घराखालचं पानी वढायलंय," ते ओट्यावर उभं राहून म्हणाले. बसले नाहीत.

"वढायलंय. खरं हाय," सर म्हणाले. सरांना खोटं बोलता येत नसे, निदान मातीच्या बाबतीत.

"मंग तोड त्याला."

सर लगेच नळ्या आणायला उठले. तिथंच त्यांचं चुकलं असं मला अजून वाटतं. भाऊ रागानं थरथरत असताना कुणी रॉकेलची बाटली शोधतं का? पण सरांना समजावून सांगण्याची दुसरी रीत माहीत नव्हती. ते सांगत राहिले. झाड घराच्या आधीचं आहे. त्याखालची जमीन घर बांधतानाच सुकलेली, आक्रसलेली होती. त्या आक्रसलेल्या जमिनीवर आपण पाया भरला. आता झाड तोडलं तर पाणी ओढणारं कुणी राहणार नाही, इतक्या वर्षांची दबलेली माती दोन-तीन पावसाळ्यांत फुगेल आणि घर खालून उचलेल. आज भेग आहे, उद्या फरशी वर येईल. त्यापेक्षा फांद्या थोड्या उतरवू, तुझ्या बाजूनं चर खणू, पाणी देऊ. नळ्या घेऊन ते वळले तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं.

त्यानंतर दादांनी बोलणं टाकलं. ओट्यावर येणं बंद. चहा बंद. काही निरोप असला तर माझ्यामार्फत, आणि तोही सरांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मास्तरीणबाई, तुमच्या सरांना सांगा, त्यांच्या झाडाचा पाला माझ्या अंगणात पडायलाय." सर आतून मला म्हणायचे, "सांगा, झाडून घेतो." मी दोघांच्या मध्ये उभी. हसावं की रडावं कळायचं नाही. संध्याकाळी काकू सवयीनं दोन कप आणायच्या. सर आपला पिऊन दुसऱ्याकडं बघत बसायचे. तो गार झाला की काकू उचलून न्यायच्या. असं कितीतरी दिवस चाललं. सर त्या काळात वाळले. कुणी आलं तर नळ्या काढेनात. दूधवाल्यानं मला काळजीनं विचारलं, "सरांची तब्येत बरी न्हाई का?"

एका सकाळी करवतीच्या आवाजानं मी बाहेर आले. सर अंगणात उभे होते. लाकूडतोडे वर चढलेले. काकू पदर तोंडाला लावून दारात.

"अवो, तुमीच म्हनायलात ना, झाड तोडलं की घर उचलतंय म्हनून?"

"उचलतंय."

"मंग?"

"उचलू दे," सर म्हणाले.

मला भयंकर राग आला. ज्या माणसानं मला पोळीचा पदर माफ केला नाही, त्यानं स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट भावाच्या हट्टापायी अशी सोडून द्यावी? मी त्यांना तसं बोललेही. म्हणाले, "सर, हे तुम्ही चुकीचं करताय. तुम्हाला माहिती आहे." सर म्हणाले, "माहिती हाय की," आणि फांदी कुठं पडतेय ते बघत राहिले.

त्याच संध्याकाळी दादा ओट्यावर आले. उघड्या पडलेल्या अंगणाकडं बघून म्हणाले, "शहाणपन आलं म्हनायचं." काकूंनी दोन कप आणले. दादांनी फुंकर मारून चहा प्यायला आणि देवगाव फाट्याचं पंक्चर काढलं. सर म्हणाले, "मंग?" सरांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला, आणि माझा राग अर्धा उतरला. उरलेला मात्र ठेवला.

पुढचा पावसाळा चांगला झाला आणि गंमत अशी की दादांची भेग बुजली. बोट जात होतं तिथं नख जाईना. सुकून खाली बसलेला कोपरा ओल मिळून परत जागेवर आला, एवढंच. पण दादांना काय! त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला हाताला धरून नेऊन ती भिंत दाखवली. "बगा. झाड गेलं, भेग गेली. पुस्तकात असलं लिव्हलेलं नसतं." हे ते सरांच्या देखत म्हणायचे. मी सरांकडं बघायची. आता उठतील, आता म्हणतील, न्हाई दादा. सर मान डोलवायचे.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सरांच्या पुढच्या खोलीतली फरशी वर आली, बुंध्याच्या बाजूनं, चर जिथं कधी पुरा पोचला नव्हता तिथं. आधी टेबल डुगडुगायला लागलं. मग दोन फरश्यांचा सांधा उकलला. मग पोटात बाळ असल्यासारखा जमिनीला उंचवटा आला. ही उपमा मी सरांना सांगितली नाही. पुढचं दार तर असं गच्च बसलं की आम्ही सगळे मागल्या दारानं ये-जा करू लागलो. सर रोज सकाळी त्या उंचवट्यापाशी उकिडवे बसून त्यावर हात ठेवायचे.

दादा एकदा आत आले आणि अडखळले. "हे काय रं झालं?"

"फरशीवाल्यानं भर नीट दाबली न्हाई," सर म्हणाले.

मी आतल्या दारात उभी होते. मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मातीच्या बाबतीत सर खोटं बोलले होते. दादांनी फरशीवाल्याला दोन कचकचीत शिव्या दिल्या आणि ते गेले. सरांनी जुनी सतरंजी आणून उंचवट्यावर पसरली, तिचे कोपरे नीट ओढले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, चहा घेनार का?" तेव्हा माझा उरलेला रागही गेला. मागं जी राहिली तिला माया म्हणतात, आणि तसं म्हणायला मला आता लाज वाटत नाही.

हे असंच झाकलेलं राहिलं असतं. पण समोरच्या मेडिकलवाल्यांच्या घराला भेग पडली.

त्यांच्या दारात चिंचेचं जुनं झाड होतं. घर नवं, कर्ज काढून बांधलेलं, वरच्या मजल्यावर म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. दादांनी त्यांना त्यांच्या ओट्यावरच गाठलं आणि उपाय सांगितला. माणसं ठरली, दिवस ठरला. आदल्या दिवशी संध्याकाळी दादा मेडिकलवाल्यांना घेऊन मागल्या दारानं सरांच्या पुढच्या खोलीत आले.

"ह्यांची खात्री व्हईना. म्हनलं प्रोफेसरच्या तोंडून ऐका. सांग रं ह्यांना, झाड तोडल्यावर भेग बुजली का न्हाई?"

सर खुर्चीत बसलेले. दादा बरोबर सतरंजीवर उभे होते, आणि एक पाय वर नि एक पाय खाली असल्यामुळे जरा तिरके. मेडिकलवाले हात जोडून म्हणाले, "सर, तुमी म्हनाल तसं करतो. आई वर हाय, तिला हलवता येत न्हाई. म्हनून विचारायलोय."

सरांची नजर सतरंजीवर गेली. काकू स्वयंपाकघरातून दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. मी शाळेच्या वह्या तपासत होते, तो हात थांबला. दादा एकदा माझ्याकडं, एकदा सरांकडं बघायला लागले. "बोल की रं. बुजली का न्हाई?"

"बुजली," सर म्हणाले. मग ते उठले. दादांच्या दंडाला हळूच धरून त्यांना बाजूला घेतलं, खाली वाकले, आणि सतरंजी ओढून काढली. मेडिकलवाल्यांना म्हणाले, "हितं हात ठेवा."

त्यांनी ठेवला.

"हे झाड तोडल्यानं झालंय. तुमी तोडू नका. उद्याच्या मानसांना न्हाई म्हनून सांगा. चर कसा खनायचा ते मी येऊन दावतो. तुमच्या आईची खोली सांभाळू आपन."

दादा त्या उंचवट्याकडं बघत राहिले. मग भिंतीचा आधार घेत तेही खाली बसले, आणि त्यांनी हात ठेवला. एसटीचं मोठं चाक आयुष्यभर फिरवलेला तो रुंद हात त्या फरशीवर इकडून तिकडं फिरत होता. "फरशीवाला म्हनाला होतास."

सरांनी सतरंजी जवळ ओढली.

"तुला आधीच माहिती होतं. तू सांगितलं बी होतंस मला, तिथं ओट्यावर." दादांचा आवाज चढला. "मंग तोडलंस काहून? आँ? एवढा शिकलेला तू, सोताचं घर फोडून घेतलंस काहून?"

सरांनी सतरंजीची घडी घातली. ती कुठं ठेवावी ते त्यांना सुचेना. हातातच धरून म्हणाले, "तू बोलत नव्हतास, दादा."

मेडिकलवाले परक्याच्या घरात नको ते पाहिल्यासारखे भिंतीकडं बघू लागले. दादांनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. सरांनी हात दिला. तो हात धरून दादा उभे राहिले, आणि उभे राहिल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. मेडिकलवाल्यांकडं वळून, डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू देत, ते मोठ्यानं म्हणाले,

"येडा हाय ह्यो. लहानपनापासून येडा हाय. ह्याचं ऐका तुमी. माझं नका ऐकू."